शिरोडकर टाका, पीओडी, नॅबोथियन, कूम्ब्स : बहिणीच्या फाइलमधली ही नावं कोणाची?

देवरुखचा_भाऊ

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला तेरावा आठवडा चालू आहे. याआधी दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात मूल गेलं. फारशा कळाही आल्या नव्हत्या, त्यामुळे कुणाला काही कळायच्या आतच सगळं झालं. या वेळी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात 'शिरोडकर टाका' घालायला सांगितलंय. भावजी दुबईला आहेत, म्हणून तपासणीला मीच घेऊन जातो.

डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत बाहेर चाळीस जणी बसलेल्या असताना आत फार प्रश्न विचारवत नाहीत. रात्री फाइल उघडून बसलो. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'नॅबोथियन सिस्ट' आणि 'पीओडी क्लिअर' असं आहे. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह, म्हणून 'इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट' केली, ती निगेटिव्ह आली. डबल मार्कर नावाच्या रक्ततपासणीत डाऊन सिंड्रोमची शक्यता कमी दाखवलीय. म्हणजे एका बाईच्या एका फाइलमध्ये इतक्या माणसांची नावं! आजार काय, तपासणी काय, हे नावावरून काहीच कळत नाही. सिस्ट हा शब्द वाचून बहीण दोन दिवस नीट जेवली नाही.

आई विचारतेय, शिरोडकर म्हणजे आपल्याकडचे का? आणि मला हवंय ते हे, की हा टाका म्हणजे नक्की काय करतात, आणि बाकीची माणसं कोण? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

थिएटरवाली_सिस्टर

दादा, आधी आईंना सांगा, शिरोडकर आपल्याकडचेच. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गाव गोव्यातलं शिरोडा. वेंगुर्ल्याजवळचं शिरोडा वेगळं, हे फोंडा तालुक्यातलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, इंग्लंडला जाऊन १९३१ साली एफआरसीएस झाले, आणि परत येऊन मुंबईतच काम केलं, शिकवलं. या टाक्याचा लेख त्यांनी १९५५ मध्ये छापला. १९७१ ला गेले, त्याच वर्षी पद्मविभूषण मिळालं होतं. आज पॅरिसच्या किंवा बर्लिनच्या दवाखान्यातही डॉक्टर 'शिरोडकर' असंच म्हणतात. मी मुंबईत एका सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभी नोकरी काढली, आणि हे नाव ऐकलं की मला अजूनही अभिमान वाटतो. लपवत नाही.

आता टाका. गर्भपिशवीला खाली तोंड असतं. त्या तोंडाची एक आतली कड आणि एक बाहेरची कड. नऊ महिने मूल आत राहतं ते मुख्यतः आतली कड घट्ट मिटलेली असते म्हणून. काही बायकांची ती कड कमकुवत असते. तीन महिन्यांपर्यंत वजन नसतं, निभावतं. चौथ्या-पाचव्यात पिशवी भरायला लागली की तोंड हळूहळू आतून उघडतं. कळा नाहीत, रक्त नाही. एक दिवस पाणी जातं आणि सगळं संपतं. तुमच्या बहिणीचं दोन्ही वेळा जसं झालं, अगदी तसंच.

शिरोडकरांच्या आधी अशा बाईला झोपवून ठेवायचे, हार्मोनची इंजेक्शनं द्यायचे, आणि तरी मूल गेलं तर घरचे तिलाच बोल लावायचे. शिरोडकरांनी पाहिलं की यातल्या काही बायकांच्या हार्मोनमध्ये दोष नाही, मुलातही नाही, तो त्या आतल्या कडेत आहे. मग कडच बांधली तर? त्यांनी बाईच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूने, कातडीखालच्या चिवट पडद्याची एक अरुंद पट्टी काढली आणि ती तोंडाभोवती, आतल्या कडेच्या उंचीवर, अस्तराच्या खालून फिरवून बांधली. मी रुजू झाले तोवर मांडीची पट्टी बंद होऊन मर्सिलीन टेप आली होती. पण आमच्या इन्चार्ज सिस्टर सांगायच्या, जुन्या काळी या ऑपरेशनला मांडीसुद्धा आयोडीन लावून तयार ठेवायची, आणि दोन ट्रॉल्या लावायच्या, एक वरची, एक खालची.

मर्सिलीन टेप म्हणजे पांढरी, विणलेली, पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी. दोन्ही टोकांना वाकड्या सुया जोडलेल्याच येतात. कमरेतून भूल देतात. सिम्स स्पेक्युलम लावून तोंड दिसेल असं करतात (सिम्स हेही एका डॉक्टरचंच नाव), रिंग फोर्सेप्सने पुढचा आणि मागचा ओठ धरतात. मग पुढे अस्तराला आडवी चीर देऊन लघवीची पिशवी बोटाने वर सारतात. ही पायरी महत्त्वाची, कारण त्याशिवाय आतल्या कडेपर्यंत पोचता येत नाही. मागेही छोटी चीर. दोन्ही बाजूंनी टेप अस्तराखालून नेऊन गाठ मारतात आणि वरून अस्तर शिवून टाकतात. म्हणजे टाका आत पुरला जातो.

१९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातले इयान मॅकडोनल्ड यांनी सोपी तऱ्हा सांगितली. चीर नाही, पिशवी सारणं नाही. तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी सुई घालत जायचं आणि बटव्याची नाडी ओढावी तसं ओढून गाठ मारायची. टाका थोडा खाली बसतो, पण घालायला आणि काढायला सुटसुटीत. आज बहुतेक ठिकाणी हाच घालतात. दोन्हींच्या निकालांत मोठा फरक दिसलेला नाही, कुठला घालायचा ते डॉक्टरांच्या हाताच्या सवयीवर आणि बाईच्या तोंडाच्या ठेवणीवर ठरतं.

आणि इथेच मला तुम्हाला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे मॅकडोनल्ड घातला तरी बोलताना 'शिरोडकर' म्हणायची पद्धत आहे. कुणी 'ऑस टायटनिंग' म्हणतं, पेशंट 'पिशवीला टाका' म्हणतात. बोलताना ठीक आहे, कागदावर ठीक नाही. एकदा एका बाईला आठव्या महिन्यात रात्री कळा सुरू होऊन आमच्याकडे आणलं. टाका दुसऱ्या गावच्या दवाखान्यात घातलेला. कार्डावर एवढंच : 'शिरोडकर डन'. बाई कळांनी इतकी तळमळत होती की तपासणी नीट करू देईना. टाका अस्तराखाली पुरलेला असणार, भूल द्यावी लागणार, म्हणून भूलतज्ज्ञांना बोलावणं धाडलं. ते दुसऱ्या केसमध्ये. तोवर कळा वाढत चाललेल्या आणि बांधलेल्या तोंडावर मुलाच्या डोक्याचा दाब. शेवटी भूल देऊन पाहिलं तर साधा मॅकडोनल्ड, गाठ पुढेच, धाग्याची टोकं समोर दिसतायत. कैचीच्या एका कापाचं काम. तोवर एका बाजूला तोंड फाटलं होतं. बाई आणि बाळ दोघं सुखरूप घरी गेली, पण ती फाटाफूट टाळता आली असती.

म्हणून डिस्चार्ज घेताना कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या : कुठल्या पद्धतीचा टाका, टेप की धागा, गाठ पुढे की मागे, आणि काढायचा कधी. डॉक्टरांना राग येणार नाही. आला तरी लिहून घ्या.

---

शरीरशास्त्राचा_मास्तर

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी माझ्या फिजिओथेरपीच्या मुलांना वाचून दाखवणार आहे. बाकीच्या नावांचं मी सांगतो.

आधी बहिणीला जेवायला बसवा. नॅबोथियन सिस्ट हा आजार नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी चिकट स्राव तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादीचं छिद्र बुजलं की स्राव आत साठून फुगवटा येतो, एवढंच. मुलं झालेल्या किंवा दिवस राहून गेलेल्या कित्येक बायकांच्या रिपोर्टमध्ये तो सापडतो आणि त्याला काही करावं लागत नाही. मार्टिन नॅबोथ हे जर्मनीतल्या लाइपझिगचे. १७०७ मध्ये त्यांनी या फुगवट्यांचं वर्णन केलं आणि त्यांना वाटलं की ही बाईची अंडी आहेत! तर्क साफ चुकला, नाव मात्र तीनशे वर्षं टिकलं. त्यांना हसू नये. सस्तन प्राण्यातलं बीज खरोखर डोळ्यांनी पाहिलं ते फॉन बेअर यांनी, १८२७ मध्ये. त्याआधी १६७२ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या डी ग्राफ यांनी बीजकोशातल्या फुगवट्यांचं फार बारकाईने वर्णन केलं होतं. ते तर योग्य जागी शोधत होते, तरी बीज ज्या पिशवीत असतं ती पिशवीच त्यांना बीज वाटली. तिलाच आपण आज ग्राफियन फॉलिकल म्हणतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय माणसं किती जवळ येऊन पोचली होती बघा.

पीओडी म्हणजे पाउच ऑफ डग्लस. जेम्स डग्लस, स्कॉटलंडचे, लंडनला प्रॅक्टिस करायचे. पोटाच्या आतल्या पडद्याचं सविस्तर वर्णन त्यांनी १७३० मध्ये छापलं. गर्भपिशवी आणि मागचं आतडं यांच्यामध्ये तो पडदा खोल खाली उतरतो आणि एक कप्पा तयार होतो. बाई उभी असताना पोटातली ही सगळ्यात खालची जागा, त्यामुळे पोटात रक्त, पू, पाणी काहीही झालं तर आधी इथे उतरतं. सोनोग्राफीवाले म्हणूनच तिथे न चुकता बघतात. 'क्लिअर' म्हणजे तिथे काही साठलेलं नाही. चांगली बातमी आहे.

डाऊन सिंड्रोम : जॉन लँग्डन डाऊन, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात अर्ल्सवूड नावाच्या संस्थेचे प्रमुख डॉक्टर. १८६६ मध्ये त्यांनी या मुलांचं वर्णन केलं, पण चेहऱ्यावरून त्यांना 'मंगोल' म्हटलं. हा शब्द जवळजवळ शंभर वर्षं वापरात राहिला. मंगोलियाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये तो सोडला. कारण कळलं १९५९ मध्ये, पॅरिसला : एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन. श्रेय मिळालं जेरोम लेज्यून यांना. पण पेशी वाढवायची प्रयोगशाळा जिने उभी केली ती डॉक्टर होती मार्थ गोतिये. त्या पहिल्या निबंधात तिचं आडनावसुद्धा चुकीचं छापलं गेलं. मला हे दर वर्षी मुलांना सांगताना वाईट वाटतं.

माझं स्वतःचं मत सांगतो. शरीराच्या भागांना माणसांची नावं नकोत. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शरीररचनाशास्त्रज्ञांनी बसून हेच ठरवलं होतं. तोवर प्रत्येक देशाने आपापल्या डॉक्टरांची नावं लावून ठेवली होती. सुमारे ५० हजार नावं प्रचारात, आणि भाग त्याच्या एक दशांशच. त्यांनी यादी पाच हजारांच्या आसपास आणली आणि माणसांची नावं काढून टाकली. तरी दवाखान्यात डग्लस गेला नाही, फॅलोपियन नळी गेली नाही. परीक्षेत मी दोन्ही उत्तरं बरोबर धरतो, पण शिकवताना आधी भाग कुठे आहे ते सांगतो, नाव मागून.

---

पेढीतला_तंत्रज्ञ

कूम्ब्स माझ्या खात्यातला, म्हणून लिहितो. रोज हाताखालून जाते ही टेस्ट.

बहीण निगेटिव्ह, मूल पॉझिटिव्ह असू शकतं. मुलाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती पुढच्या बाळाला बाधतात. ही प्रतिपिंडं पेशींना चिकटतात पण पेशींच्या गुठळ्या करत नाहीत, त्यामुळे साध्या तपासणीत दिसत नाहीत. रॉबिन कूम्ब्स, शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर, केंब्रिजला काम करत. १९४५ मध्ये मूरंट आणि रेस यांच्याबरोबर त्यांनी युक्ती काढली : माणसाच्या प्रतिपिंडांविरुद्धचं द्रव्य नळीत टाकायचं, म्हणजे ते चिकटलेल्या पेशींना एकमेकींशी जोडतं आणि गुठळी डोळ्यांना दिसते. बहिणीची टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे अशी प्रतिपिंडं तयार झालेली नाहीत. आधी दोनदा मूल गेलेलं असूनही निगेटिव्ह आहे, हे फार बरं झालं.

त्यातले रेस लक्षात ठेवा. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातून डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी एक निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पाठवला, त्याच्या लेखकांत इंग्लंडचे हेच रेस आहेत. विषय होता एक नवाच रक्तगट. वरवर तपासलं तर ओ वाटतो, पण ओ गटाचं रक्त दिलं तर माणूस दगावू शकतो, कारण ओ गटाच्या पेशींवर असणारा एच नावाचा घटकच या लोकांत नसतो. आपल्याकडे साधारण १० हजारांत एकाचा हा गट. जगभर त्याला 'बॉम्बे' म्हणतात. भेंडे हे नाव रक्तपेढीबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. मास्तरांचं मत मला पटत नाही ते यासाठी. नाव राहिलं तर निदान कुणीतरी विचारतं, जसं या दादांच्या आईंनी विचारलं. भेंड्यांबद्दल कोण विचारणार? म्हणून ओ गटाच्या पेशी लावून रुग्णाच्या रक्तद्रवाची उलट तपासणी का करायची हे नव्या पोरांना शिकवताना मी भेंड्यांचं नाव मुद्दाम घेतो.

---

वडिलांची_लेक

सगळीच नावं राखावीत असं मला वाटत नाही. माझ्या वडिलांना रक्तवाहिन्यांचा एक आजार आहे, नाक, फुप्फुसं आणि किडनीवर येतो. जुन्या फाइलवर 'वेगेनर्स' लिहिलंय, नव्यावर 'जीपीए'. आम्ही घाबरून गेलो की दुसरा आजार निघाला की काय. डॉक्टरांनी समजावलं, आजार तोच, नाव बदललं. फ्रिड्रिश वेगेनर या जर्मन डॉक्टरांनी तो १९३० च्या दशकात नीट वर्णन केला होता. पण ते नाझी पक्षाचे सदस्य होते हे मागाहून पुढे आलं, आणि २०११ मध्ये संधिवाताच्या आणि किडनीच्या तज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी मिळून नाव बदललं. हान्स रायटरचं नावही असंच गेलं, त्या आजाराला आता रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. रायटर तर छळछावणीतल्या कैद्यांवरच्या प्रयोगांशी जोडलेला होता.

वडील म्हणाले, बरं झालं बदललं, रोज गोळी घेताना त्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं. आम्हाला त्रास झाला तो नाव बदलल्याचा नाही, कुणी सांगितलं नाही त्याचा. जुनी आणि नवी दोन्ही नावं एका कागदावर लिहून मी ती फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवलीत.

---

देवरुखचा_भाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा रत्नागिरीला जाऊन आलो. सिस्टर, तुमचे चारही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी पेन घेऊन चित्र काढून दाखवलं. घालणार आहेत तो मॅकडोनल्डच! 'सगळे शिरोडकर म्हणतात म्हणून मीही म्हणतो' असं म्हणाले, आणि फाइलवरचं नाव खोडून नीट लिहिलं : मॅकडोनल्ड, टेप, गाठ पुढे, सदतिसाव्या आठवड्यात काढणे. आईला थोडं वाईट वाटलं की शिरोडकरांचा नाही.

नॅबोथियनचं ऐकल्यावर बहीण जेवली. आता आई तिला अंथरुणातून उठू देत नाही. टाका घातल्यावर पूर्ण झोपूनच राहायचं का?

---

थिएटरवाली_सिस्टर

आईंना म्हणावं, तोंड बांधून मूल वाचवायचं हे शिरोडकरांनी दाखवलं, त्यानंतर दोन वर्षांनी मॅकडोनल्डची सोपी तऱ्हा आली. वाईट वाटून घेऊ नका. आणि तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. ओपीडीच्या गर्दीत चित्र काढून दाखवणारा माणूस चांगलाच असतो.

झोपूनच राहायची गरज नाही, डॉक्टरांनी तिला मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. सतत पडून राहिल्याने मूल टिकतं असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. घरात फिरू द्या, हलकी कामं करू द्या. वजन उचलणं, पाण्याच्या कळश्या, लांबचा एसटीचा प्रवास नको. संबंध कधीपर्यंत टाळायचे ते भावजींनी फोनवरून का होईना, डॉक्टरांना विचारावं, यात लाजू नये.

टाका घातल्यावर एक-दोन दिवस थोडे रक्ताचे डाग दिसले तर घाबरू नका. पण कपडे भिजतील असं रक्त, पाणी गेल्यासारखं वाटणं, ताप, घाण वास येणारं अंगावरून जाणं, किंवा ठरावीक वेळाने पोट कडक होऊन दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. बांधलेल्या तोंडावर कळा येऊ देणं धोक्याचं. देवरुखहून रत्नागिरीला गाडीने किती वेळ लागतो, रात्री कोणाची गाडी मिळेल, हे आजच ठरवून ठेवा, ड्रायव्हरचा नंबर फाइलवर लिहा.

सातव्या महिन्यानंतर अधूनमधून पोट आवळल्यासारखं होईल, न दुखता, आणि आपोआप सैल पडेल. फाइलवर कुणी 'ब्रॅक्स्टन हिक्स' लिहिलं तर ते हेच. लंडनच्या एका डॉक्टरने १८७२ मध्ये वर्णन केलेलं, आणि बहुतेक वेळा साधं. पण तुमच्या बहिणीला टाका आहे, तेव्हा ते साधं आहे की कळा आहेत हे घरी बसून ठरवायचं नाही, दाखवायचं.

आणि ती निगेटिव्ह आहे, तेव्हा अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्धची प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) लागेल का ते पुढच्या भेटीत विचारा. आधी दोनदा मूल गेलं तेव्हा ते दिलं होतं का, त्याचे जुने कागद शोधून बरोबर न्या.